साडेसातची रिंग

कासेल, जर्मनी
१४ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? ओळखायलाच हवं, तूच गिरवून घेतलंयस. शेवटचं पत्र मी शाळेच्या पेपरात लिहिलं होतं, मावशीला सहलीचं वर्णन कळवणारं, आणि त्याला पाचपैकी साडेतीन मार्क मिळाले होते. आज खरं पत्र लिहायला बसले तर सुरुवातच सुचेना.

कारण सांगते. इथं संध्याकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, ते तुला माहीत आहे. या सत्रात धडा आलाय 'कम्युनिकेशन'. निरोप, तार, पत्र, फोन लागणं, लाइन कट होणं, फोन ठेवून देणं, संपर्कात राहणं, सगळ्याचे इंग्रजी शब्द. पुस्तकात चाळीस शब्दांची यादी आणि समोर जर्मन अर्थ. माणसं पाठ करून घरी जातात आणि विसरून परत येतात. मोबाइलला सगळे इंग्रजीतसुद्धा 'हँडी' म्हणतात. जर्मनमध्ये तसंच म्हणतात, आणि शब्द दिसायला इंग्रजी असल्यामुळे मी चूक सांगितली तरी कुणाचा विश्वास बसत नाही.

मग तू आठवलीस. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. मला पहिलं इंग्रजी शाळेनं नाही शिकवलं. बाबा कामावरून येईपर्यंत आपण गॅलरीत बसायचो, तू 'नंबर प्लीज' म्हणायचीस आणि मी 'होल्ड द लाइन'. तर तुझ्या कामातले शब्द आणि एखादा प्रसंग मला लिहून पाठव. हातानं लिही. मला वर्गात खरं पत्र दाखवायचंय, पाकीट आणि तिकिटासकट.

वर्गाला मी आपली रिंगची पद्धत सांगितली. एकदा वाजवून कट केलं की 'ठीक आहे'. दोनदा, 'उद्या बोलू'. लागोपाठ तीनदा, 'उचल, बोलायचंय'. लिंडनर म्हणून एक रेल्वेतून रिटायर झालेले आजोबा आहेत, ते म्हणाले, म्हणजे समोरच्यानं उचलू नये म्हणून तुम्ही फोन करता? मी हो म्हटलं. त्यांनी ते वहीत नीट लिहून घेतलं.

खरं तर मलाही आता तो प्रश्न पडतो. वर्ष झालं, आपण नुसत्या साडेसातच्या रिंगवर आहोत, तुझी संध्याकाळ, माझी दुपार. मी एक देते, तू एक देतेस, संपलं. रविवारचं बोलणं तू बंदच केलंस. एक स्मार्टफोन घे ना, तोंड तरी दिसेल.

तुझी,
नमू

ता. क. पत्ता बदललाय, मागे लिहिलाय. नवी जागा. तुझा जावई सौमित्र मजेत.


परळ
३० जानेवारी २०२४

चि. नमू,

सप्रेम जयभीम. पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर चढला तर सगळ्यांना वाटलं कुणाला तरी कोर्टाची नोटीस आली. शेजारची प्रिती दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघूनच मी सांगून टाकलं, नमूचं पत्र आहे, घाबरू नकोस.

शब्द मागितलेस, घे. कॉल तीन तऱ्हेचे: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ऑर्डिनरीवाला सकाळी बुक करून संध्याकाळपर्यंत बसायचा. शिवाय पीपी कॉल, म्हणजे ठरलेला माणूस लाइनवर आला तरच कॉल सुरू, दुसरा कुणी आला तर नाही. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे तोंड घालायचो, 'थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड?' अर्ध्या मुंबईनं त्यासाठी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील.

एक प्रसंग सांगते. लालबागचा एक मिल कामगार होता, राजाराम नाव. महिन्यातून एकदा गावच्या पोस्टात पीपी लावायचा, बायकोसाठी. ती दोन तास चालत यायची. लाइन जोडली की दोघंही गप्प. मी पहिल्यांदा मधे पडले, 'स्पीक प्लीज', मग मराठीत, 'अहो बोला, वेळ चाललाय.' तो म्हणाला, 'बाई, ती आहे ना लाइनीवर? मग र्‍हाऊ दे.' तीन मिनिटं दोघांचा श्वास तेवढा ऐकू यायचा. पुढे पुढे त्याचा कॉल आला की मी 'ओव्हर' म्हणायला थोडा उशीर करायची. हे तुझ्या वर्गाला सांगू नकोस, सर्व्हिस रेकॉर्ड माझं स्वच्छ आहे.

बोलणं मी बंद केलं असं कसं म्हणतेस? तुझी कामाची वेळ असते. रिंग आली, तू आहेस हे कळलं, पुरे झालं. आणि स्मार्टफोनचं म्हणशील तर त्यात तोंड दिसतं हेच वाईट. रोज केस विंचरून कोण बसणार? तब्येत ठणठणीत आहे. जिने चढते, विहारात जाते, भाजीवाल्याशी भांडते.

नवी जागा मोठी आहे का? खोल्या किती? अचानक का घेतली?

तुझी,
आत्या


कासेल
१७ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र वर्गात हातोहात फिरलं. अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं तरी प्रत्येकानं दोन्ही बाजू बघितल्या. राजारामची गोष्ट मी इंग्रजीत सांगितली. एका माणसानं विचारलं, ते गप्प बसायला फोन का करायचे? मी म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही.

लिंडनर आजोबांची मात्र गंमत झाली. त्यांची मुलगी न्यूझीलंडला असते आणि नातवाला जर्मन येत नाही, म्हणून म्हातारपणी इंग्रजी. सराव म्हणून मी त्यांना विचारलं, नातवाशी फोनवर काय बोलता? तर म्हणाले, तो बोलतो, मला एक अक्षर कळत नाही, तो थांबला की मी म्हणतो 'येस, येस, लव्हली.' दोन वर्षं असंच चाललंय. अख्खा वर्ग हसला. मीपण हसले.

वर्गात बारा होते, आता सात उरलेत. थंडीत माणसं घराबाहेर पडत नाहीत. जागा बरी आहे, उजेड भरपूर. सध्या सकाळी काही खाल्लं जात नाही आणि फार थकायला होतं, पण ते होईल ठीक.

तुला एक सांगायचंय आत्या. पत्रात नको. दोन मार्चला, शनिवारी, साडेसातला मी तीन रिंगा देईन. उचलशील ना?

तुझी,
नमू


परळ
४ मार्च २०२४

चि. नमू,

सप्रेम जयभीम आणि आज दुप्पट आशीर्वाद.

परवा तू एवढं बोललीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले, राग मानू नकोस. असल्या वेळी माणसाला शब्द सुचत नाहीत. पण खरं सांगू, मी ओळखलं होतं. नवी जागा घेतलीस, सकाळी अन्न जात नाही, थकवा येतो, आणि पत्रात सांगायचं नाही म्हणतेस. एवढी हिंट तर आंधळ्यालाही कळेल.

काल विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना पेढे दिले. दादरला जाऊन मऊ सुती कापड आणलं आणि दुपटं शिवायला घेतलं. डोळ्यांना सुई दिसत नाही, प्रिती ओवून देते. रामजी असता तर त्यानं अख्खी चाळ डोक्यावर घेतली असती. तुझ्या बाबाला नातवंडाचं फार होतं, बोलायचा नाही तेवढंच.

आता जड उचलू नकोस. सौमित्रला सांग, आत्याचा हुकूम आहे. सकाळी उठल्या उठल्या कोरडी पोळी खाऊन बघ.

आणि त्या लिंडनर आजोबांना वर्गात हसत जाऊ नका. नातू दुखावू नये, एवढंच बघतोय बिचारा.

तुझी,
आत्या


कासेल
२० मार्च २०२४

आत्या,

तुझं पत्र काल आलं. तीनदा वाचलं, काही दुसरा अर्थ निघतो का बघायला.

दोन तारखेला मी तुला काय सांगितलं ते परत लिहिते. सौमित्र आणि मी सप्टेंबरपासून वेगळे राहतो. त्याला दुसरं कुणी सापडलेलं नाही, मलाही नाही. आम्ही एका घरात राहून एकमेकांना चिठ्ठ्या लिहायला लागलो होतो, फ्रिजवर, आणि एक दिवस चिठ्ठ्याही संपल्या. नवी जागा म्हणजे एक खोली आहे. पोटात कुणी नाही. सकाळी जेवण जात नाही कारण एकटीसाठी टेबलावर बसवत नाही.

हे सांगताना मी रडत होते. तू मधे मधे 'हो का', 'बरं' म्हणत होतीस. एकदा 'छान' म्हणालीस. मला वाटलं लाइन खराब असेल. शेवटी मी विचारलं, 'आत्या, मी परत येऊ का?' इतक्या महिन्यांत तोच एक प्रश्न मला विचारायचा होता, आणि दुसऱ्या कुणाला विचारता येण्यासारखा नव्हता. तू म्हणालीस, 'बरं, ठेवते हं, काळजी घे.'

आणि मग पेढे वाटलेस.

तू ऐकतच नव्हतीस. हातात दुसरं काही काम असेल. साडेसातची रिंग मी कालपासून बंद केली आहे. रोज कुणाला तरी 'ठीक आहे' कळवण्याचा मला कंटाळा आलाय.

नम्रता


परळ
१५ एप्रिल २०२४

चि. नमू,

पत्र एक तारखेला मिळालं. दहादा लिहायला बसले आणि कागद टाकून दिले. आज लिहून पोस्टात टाकूनच घरी येणार.

काल जयंती होती. आपल्या गल्लीतून मिरवणूक गेली. यंदा डीजेच्या भिंती एवढ्या मोठ्या होत्या की प्रितीनं दोन्ही कानांत कापूस घातला. म्हातारे दारं लावून आत बसले. मी गॅलरीत उभी होते. पोरांची तोंडं उघडत मिटत होती, निळा गुलाल उडत होता, आणि मला काहीच नाही. कठड्यावर हात ठेवला तेव्हा कठडा थरथरत होता, त्यावरून कळलं किती मोठ्यानं चाललंय ते.

नमू, मला ऐकू येत नाही. उजवा कान चार वर्षांपूर्वीच गेला, डावा गेल्या वर्षी पार बंद झाला. मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की नसच गेली आहे. मशीन लावून बघितलं तर नुसती खरखर. पावसाळ्यात कोकणच्या लाइनला असायची, तशी. शेवटी डबीत घालून ठेवून दिलं.

छत्तीस वर्षं मी या कानांवर पोट भरलं. अख्ख्या एक्सचेंजमध्ये कुणाला लाइनवरचा आवाज नीट कळत नसला की म्हणायचे, सुंदराला द्या. ती बाई बहिरी झाली हे कुणाला सांगू? प्रितीलाही परवापरवापर्यंत नीट माहीत नव्हतं. ती तोंडासमोर येऊन बोलायची, मी ओठ वाचायची, ती समजायची आत्याला थोडं कमी येतं. तुला तर मुळीच सांगायचं नव्हतं. तू सगळं टाकून आली असतीस, असं मला वाटलं. म्हणून रविवारचा फोन बंद केला आणि रिंगवर आणलं. साडेसातला मी फोन मुठीत धरून बसते. थरथरला की तू.

दोन तारखेला तो तीनदा थरथरला आणि मी उचलला. नाही उचलला असता तर तुला काय वाटलं असतं? मला वाटलं, जमेल. आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉल ऐकले आहेत, माणूस कुठे दम घेतो, कुठे 'हो' लागतं, कुठे 'बरं', सगळं मला ठाऊक आहे. अंदाजानं बोलत गेले. काय बातमी असेल ते आधीच ठरवून बसले होते, म्हणून एक 'छान'ही टाकलं. तुझ्या रडण्यावर मी छान म्हणाले. ते तू लिहिलंस तेव्हा मला कळलं, आणि त्या दिवसापासून घास गिळताना तेच आठवतं.

कानात काही नव्हतं. फोन मधे मधे समोर धरून बघत होते, त्यावर आकडे चालले होते. तू बोलत असेपर्यंत ते चालतात. अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले तेव्हा मला वाटलं आता पकडली जाईन, म्हणून मी ठेवला. तेवढ्यातच तू विचारत होतीस.

एकोणीस तारखेला रिंग आली नाही. वीसही गेली. पत्र येईपर्यंत तेरा दिवस मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. फोन करून विचारणार तरी काय, उत्तर ऐकणार कोण? फोन प्रितीच्या हातात द्यायचा तर तिला सगळं सांगावं लागलं असतं. शेवटी तिला सांगितलंच, पण तोवर तुझं पत्र आलं होतं. विहारात मात्र अजून खरं सांगितलेलं नाही. बाळाचं विचारतात, मी हसते.

तू विचारलेल्याचं उत्तर: ये. पण माझ्या कानासाठी येऊ नकोस. तुला यावंसं वाटत असेल तर ये. खोली आहे तशी आहे, तुझी गोधडी दरवर्षी उन्हात घालते. दुपट्याचं कापड ठेवून दिलं होतं, त्याची काल उशीची खोळ शिवली.

राग धरलास तरी चालेल. फक्त रिंग देत जा.

आत्या


कासेल
२ मे २०२४

प्रिय आत्या,

पत्र मिळालं त्या संध्याकाळी माझा वर्ग होता. मी उशिरा पोचले. सात होते, त्या दिवशी चार आले. धड्यातला शेवटचा शब्द होता 'लिसन', आणि तो शिकवायचा सोडून मी खिडकीजवळ उभी राहिले. लिंडनर आजोबांनी पुढे येऊन खडू घेतला आणि फळ्यावर स्वतःच शब्द लिहिले, एकेक करून, बाकीचे वाचत गेले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. इथली माणसं हे चांगलं करतात.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना विचारलं, काही कळत नाही तर दर रविवारी फोन का करता? त्यांचं इंग्रजी अजून तोडकंमोडकं आहे. ते म्हणाले, मला शब्द नकोत, मला नातू हवा. आणि मी या माणसाला हसले होते. तू सांगितलंस तेव्हाही मला कळलं नाही.

आत्या, मला तुझा राग आलाय, अजून गेलेला नाही. वर्षभर तू एकटी त्या शांततेत बसलीस आणि मला रोज 'ठीक आहे' कळवत राहिलीस. पण मीही सप्टेंबरपासून तेच करत होते, म्हणजे तुला बोलायला मला तोंड नाही. आपण दोघी रोज साडेसातला एकमेकींशी खोटं बोलत होतो, आणि त्या खोट्यावर माझा दिवस निघायचा. रिंग बंद केली त्या दिवसापासून दुपार सरत नाही. ती वेळ झाली की मी हातातलं काम ठेवते.

तर माझं ऐक, म्हणजे वाच. तुला माझा आवाज येत नाही. पण मला तुझा येतो. गेल्या वर्षभरात मी तो एकदाच ऐकला, आणि त्यातही तू 'छान' म्हणालीस. मला तो परत हवाय. या खोलीत मराठी बोलणारं कुणी नाही, मी भाजीशी बोलते. शनिवारी, अठरा मेला, साडेसातला मी फोन करेन. उचल. हं हं करू नकोस, तू बोल. चाळीचं सांग, प्रितीचं सांग, भाजीवाल्याला काय बोललीस ते सांग. फोन कानाला लावूच नकोस, समोर धर आणि आकडे बघ. ते चालू असतील तोवर मी आहे. मला जे सांगायचं असेल ते मी रविवारी बसून कागदावर लिहीन.

सत्र जुलैत संपतं. मग तिकीट काढते. राहायला की भेटायला, ते मला अजून ठाऊक नाही. पण येतेय.

तुझी,
नमू


परळ
१९ मे २०२४

चि. नमू,

सप्रेम जयभीम.

मी कालच्या फोनसाठी केस विंचरले होते. प्रिती म्हणाली, आत्या, या फोनात तोंड दिसत नाही. मला माहीत आहे म्हटलं, तरी विंचरले.

तू किती ऐकलंस कोण जाणे, पण चाळीनं सगळं ऐकलं. मला माझा आवाज येत नाही तर तो किती चढलाय हे कसं कळणार? प्रितीनं दोनदा हातानं खाली कर, खाली कर असं दाखवलं. समोरच्या गॅलरीत माणसं उभी राहिली. सौमित्रचं, पेढ्यांचं, माझ्या कानांचं, सगळं आता सगळ्या मजल्यांना माहीत आहे. आज सकाळी पाणी भरताना कुणी काही विचारलं नाही, उलट माझी बादली भरून ठेवली होती. एका अर्थी सुटले म्हण. विहारात तेवढं मलाच जाऊन सांगायचं आहे.

बोलायला लागले तेव्हा वाटलं, भिंतीशी बोलतेय. पाच मिनिटांनी ते वाटणं गेलं. तुझ्या आईच्या हातच्या सुक्या बोंबलांपासून कुठे कुठे गेले मी. राजारामचं तुला अर्धंच सांगितलं होतं, तेही काल सांगून टाकलं. एकदा त्याची बायको आली नाही, पोस्टमास्तर म्हणाला, ती आता कधीच येणार नाही. मी राजारामला सांगितलं, पार्टी नॉट अव्हेलेबल. आम्हाला तेवढंच सांगायची परवानगी होती. तो म्हणाला, थोडी लाइन चालू ठेवता का बाई? मी तीन मिनिटं ठेवली.

हे सांगून झाल्यावर माझ्याजवळ बोलायला काही उरलं नाही. तू म्हणाली होतीस बोलत राहा, पण मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, आता तू ठेवशील. इकडे चूल बंद, प्रिती घरी गेलेली, फोन मांडीवर. एकवीस मिनिटं झाली. बावीस. कुणी तरी 'ओव्हर' म्हणेल अशी सवयीनं वाट बघत होते.

आकडे चालूच होते, नमू.

तुझी,
आत्या